उघडे सांधे

कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडसमोर, एका खोलीएवढ्या जागेवर ओली पोती अंथरलेली होती. एकाला एक लागून, कडा जुळवून, कुठे सुरकुती म्हणून नाही. तिनं ती लांबूनच पाहिली आणि पावलं झपाझप उचलली.

खरं तर त्या सकाळी तिथे पोत्यांचं काही कामच नव्हतं. तिथे तिची फरसबंदी होती. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. दुपारी बाहेरून परीक्षक यायच्या होत्या. त्यांच्यासमोर फरसबंदीवर बादलीभर पाणी ओतायचं, ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जमिनीत मुरणार, आणि ती पास होणार, असं सगळं ठरलेलं. पास झाली की शहराच्या पाणी-निचरा खात्यात शिकाऊ अभियंता म्हणून रुजू व्हायचं होतं. जागा एकच होती आणि ती तिला मिळाली होती, फक्त निकाल याच सत्रात हातात पडायला हवा होता. खात्यातल्या साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं, "आम्ही थांबत नाही बाई. पाणी थांबतं का आमच्यासाठी?"

तिनं खाली वाकून एका पोत्याचा कोपरा उचलला.

ठोकळ्यांच्या मधले सांधे भरलेले होते. सिमेंटनं, आणि ते पक्कं व्हावं म्हणून वर ही ओली पोती. आणि सांधे नुसते भरलेले नव्हते. ठोकळ्यांच्या करड्या रंगाला रंग जुळवलेला, वरून बोट फिरवून घोटलेला, रेघ न् रेघ सरळ. भिंतीकडच्या कोपऱ्यात, जिथे बाकीचे कारागीर थोडी लबाडी करतात आणि वरून कुंडी ठेवून देतात, तिथेसुद्धा काम तितकंच चोख. असं काम करणारा माणूस अख्ख्या शहरात एकच होता. तो काल संध्याकाळी थापी वर्तमानपत्रात गुंडाळून "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून घरातून निघाला होता, आणि परत येऊन दोन घास जास्त जेवला होता.

"बाबा!" ती ओरडली. ऐकायला आसपास कोणीही नव्हतं, तरी ओरडली.

आता, एक फरशी कोणीतरी नीट बसवून दिली तर त्यात एवढं ओरडण्यासारखं काय, असं कोणालाही वाटेल. पण ही फरशी वेगळी होती. साध्या फरसबंदीत ठोकळे एकमेकांना चिकटून बसवतात, फटी बंद करतात, आणि पाऊस पडला की पाणी वरूनच वाहून जातं. तिच्या फरसबंदीत ठोकळ्यांमध्ये बोटभर अंतर मुद्दाम सोडलेलं होतं. त्या अंतरात बारीक खडी. ठोकळ्यांच्या खाली पुन्हा बारीक खडी, त्याखाली मोठी खडी, आणि मग माती. पाणी फटीतून आत उतरतं, मोठ्या खडीच्या पोकळीत विसावतं, आणि सावकाश जमिनीत जिरतं. सगळी करामत त्या उघड्या सांध्यांची. सांधे बुजले की ती इतर फरशांसारखी एक फरशी, आणि खाली एवढा खड्डा खणून खडी भरली ती उगीच.

त्या सांध्यांसाठी ती वर्षभर झगडली होती. विषयाचं नाव मोठं, 'शहरी पायाभूत सुविधा आणि शाश्वत विकास'. तो ज्या वर्गात शिकवला जाई त्या वर्गाच्या खिडक्या उघडत नसत, त्यामुळे भर हिवाळ्यातही एसी चालू. मार्गदर्शक सरांच्या तोंडी 'शाश्वत' हा शब्द इतका बसला होता की कपातला चहा निवला तरी ते म्हणत, "याची उष्णता काही शाश्वत नाही." जागेच्या परवानगीसाठी ती प्राचार्यांच्या कार्यालयात गेली, तेव्हा तिथल्या अधीक्षकांनी विचारलं, "पाणी खाली मुरलं तर पुढे ते जाणार कुठे? आणि गेलं तर जबाबदारी कोणाची?" ती म्हणाली, "जमिनीत जाईल, सर." ते म्हणाले, "जमीन कॉलेजची आहे. विचारावं लागेल." हे विचारणं उन्हाळा संपेपर्यंत चाललं.

प्रकल्पात तिच्या जोडीला एक मुलगा होता. सगळे त्याला 'स्लाइड' म्हणत, कारण त्यानं आयुष्यात फावडं कधी हातात धरलं नव्हतं, पण स्लाइड मात्र अशा बनवायचा की बघणाऱ्याला वाटावं, शहर आजच सुधारलं. पाणी मुरतंय हे दाखवायला त्यानं निळे बाण केले होते आणि ते बाण हलायचेसुद्धा.

खडी तिनं घरी, अंगणातल्या नळाखाली धुतली. खडीला धूळ चिकटलेली असते, ती तशीच राहिली तर फटीत जाऊन बसते आणि पाण्याची वाट अडवते. आईनं मदत केली. दोघी घमेल्यात खडी घोळत बसल्या असताना बाबा बाहेरून आले आणि बघतच राहिले.

"खडी धुतात का कुणी? तांदूळ आहेत का ते?"

"धुवावी लागते, बाबा."

"कशाला?"

"तुम्हाला नाही कळायचं. राहू द्या."

ती हे चिडून बोलली नव्हती. घाईत होती, सेमिनारला उशीर झाला होता. पण खरं कारण घाई नव्हतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बाबांना सगळे ओळंबा मिस्त्री म्हणत. भिंत सरळ आहे का हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, त्या ओळंब्यासारखाच हा माणूस, इकडे नाही की तिकडे नाही. कोणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी जमिनीकडे बघत आणि मग माणसांकडे. शाळेचं पटांगण, बाजाराचा चौक, दवाखान्याचा व्हरांडा, याच कॉलेजचं ग्रंथालय, सगळीकडे त्यांनी बसवलेली फरशी होती. गुडघे गेले तेव्हा काम सुटलं, पण अभिमान सुटला नव्हता. "माझ्या फरशीवर घागर उपडी करा," ते सांगत, "थेंब खाली जाणार नाही."

आणि पावसाळ्यात दरवर्षी त्यांच्याच घरात पाणी शिरत असे. गल्ली उताराच्या टोकाला. बाबा उंबऱ्याला फळी लावत, फळीच्या बुडाला माती थापत, आणि महापालिकेला शिव्या घालत. दुसऱ्या वर्षी सरांनी वर्गाला एक काम दिलं. आपापल्या वस्तीत फिरा आणि पाणी मुरायला जागाच उरली नाही अशी जमीन कुठे कुठे आहे ते पाहून या. ती निघाली. शाळेपाशी थांबली, चौकात थांबली, दवाखान्यापाशी थांबली. जिथे जिथे थांबली तिथे तिथे पायाखाली बाबांची फरशी, आणि उतार आपला सरळ त्यांच्या गल्लीकडे.

आता हे घरी कोण सांगणार? ज्या माणसानं आयुष्यभर गुडघ्यांवर बसून सांधे बुजवले, त्याला कसं सांगायचं की बाबा, तुम्ही दर पावसाळ्यात फळी लावून जे पाणी अडवता ना, ते तुम्हीच आपल्याकडे वळवलंय? तिनं नाही सांगितलं. त्यापेक्षा 'तुम्हाला नाही कळायचं' हे सोपं होतं.

त्या सोपेपणाची किंमत आता ओल्या पोत्याखाली घट्ट होत होती.

तिनं घरी फोन लावला. "आई, बाबांना पाठव. छिन्नी-हातोडा घेऊन. आत्ताच्या आत्ता."

तेवढ्यात स्लाइड आला. नवा शर्ट, हातात लॅपटॉप. त्यानं पोती बाजूला सारून पाहिलं आणि त्याचे डोळे लकाकले.

"अगं, काय फिनिशिंग आहे! फोटो कसले भारी येतील!"

"सांधे भरलेत, गाढवा."

"हो, तेच म्हणतोय. आधी जरा ओबडधोबड वाटायचं."

"पाणी कुठून जाणार?"

त्यानं विचार केला. विचार करताना त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "पण माझ्या स्लाइडमध्ये तर जातंय," तो म्हणाला.

बाबा आले तेही ठेवणीतला शर्ट घालून. आईनं निरोप पूर्ण दिला नव्हता, किंवा यांनी पूर्ण ऐकला नव्हता. छिन्नी-हातोड्याची पिशवी खांद्याला होती, पण चेहऱ्यावर बक्षीस घ्यायला आल्याचा भाव.

"काय इंजिनेरबाई, पसंत पडलं का काम?"

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? काल दुपारी तुझा डबा द्यायला आलो तेव्हा पाहिलं ना. सगळे सांधे उघडे! म्हटलं, पोरीला मजूर बरा मिळालेला दिसत नाही, अर्धवट टाकून पळाला. वॉचमन म्हणाला, उद्या मोठी परीक्षा आहे. मग काय? ग्रंथालयाच्या वेळेपासून ओळखतो तो मला. त्यानं दिवा धरला."

"बाबा, ते सांधे उघडेच ठेवायचे होते!"

"उघडे?"

"हो. मुद्दाम."

बाबा हसले. पोरीची चेष्टा कळली असं वाटून हसले. मग तिचा चेहरा पाहून थांबले. "सांधा मुद्दाम कोण उघडा ठेवतो? मुंग्या येतात. गवत येतं. लोक काय म्हणतील? ओळंब्याची पोर आणि..."

"लोक गेले उडत! वर्षभर मी त्या फटींसाठी मरतेय. खणलं, खडी आणली, धुतली, चाळली, सगळ्यांचे पाय धरले. आणि तुम्ही एका संध्याकाळीत सगळं बुजवून टाकलंत! न विचारता! तुम्हाला जिथे फट दिसेल तिथे बुजवायलाच हवी का हो? जगातली एक तरी फट सोडा की!"

ती इतक्या जोरात बोलली की सायकल लावायला आलेली दोन मुलं सायकल तशीच हातात धरून उभी राहिली. बाबांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "विचारलं होतं मी. खडी का धुता म्हणून."

तिचा राग आणखीच चढला. तिनं पिशवीतून छिन्नी ओढून काढली आणि मधल्याच एका सांध्यावर हातोडा घातला. ठोकळ्याचा कोपरा उडाला.

"अशी नको," बाबा खाली बसत म्हणाले. गुडघे वाजले. "तिरपी धर. माझा सांधा आहे, कालचा असला तरी ऐकायचा नाही. उद्या आली असतीस तर छिन्नीलाही दाद दिली नसती."

त्या आवाजात अजूनही अभिमानाचा एक धागा होता. तो ऐकून तिला रडावं की हसावं कळेना. दोघं बापलेक शेजारी शेजारी बसून ठोकू लागले. स्लाइडनं पोती उचलून बाजूला नेली. त्याच्या मानानं हे पुष्कळ झालं.

दुपारपर्यंत भिंतीकडचा एक कोपरा तेवढा मोकळा झाला. पण वरचा सांधा निघाला तरी सिमेंटचं पाणी खाली झिरपलं होतं, आणि धुतलेल्या खडीचे गच्च गोळे झाले होते. तिनं बोट घालून पाहिलं. बोट अडलं.

परीक्षक बाई वेळेवर आल्या. बुटक्या, चष्मा नाकावर, पायात खेळाचे बूट. सोबत मार्गदर्शक सर. सरांनी फरशीकडे पाहिलं, उडालेल्या कपच्यांकडे पाहिलं, छिन्नी घेऊन भिंतीशी उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं, आणि तिला बाजूला घेतलं.

"हे काय होऊन बसलंय?" ते पुटपुटले. "हे बघ, मजुरानं घोटाळा केला म्हणून सांग. ते नेहमीच होतं. संकल्पना तर शाश्वत आहे ना?"

सरांचं पुटपुटणंही व्याख्यानासारखंच असे. ते बाबांना ऐकू गेलं असणारच. त्यांनी छिन्नी पाठीमागे धरली.

बूड कापलेली एक बादली फरशीच्या मध्यावर ठेवली होती, कडेनं माती लिंपून. बाईंनी खूण केली. तिनं पाणी ओतलं. पाणी बादलीत उभं राहिलं. सगळे वाकून बघत होते. पाण्यात आभाळ दिसत होतं, सायकल स्टँडचं छप्पर दिसत होतं, आणि स्लाइडचा नवा शर्ट. काहीही हललं नाही.

"मुरतंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग हे काय आहे?"

आता नुसतं 'मजुरानं' एवढा एक शब्द उच्चारायचा होता. सर तिच्याकडे टक लावून बघत होते, जणू तोंडी परीक्षेत उत्तर सुचवत असावेत.

"माझ्या बाबांनी सांधे भरले," ती म्हणाली. "काल. ते फरशीचं काम करायचे. त्यांना वाटलं, काम अर्धवट राहिलंय."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. "हे बाबा?"

"हो."

"सांधे सुरेख भरलेत," बाई म्हणाल्या. टोमणा नव्हता तो, त्या खरंच वाकून बघत होत्या. मग त्यांनी प्रकल्पाचा अहवाल उघडला आणि देखभालीचं प्रकरण काढलं. "यात तुम्ही दोघांनी लिहिलंय, 'वापरकर्त्यांमध्ये व्यापक जनजागृती केली जाईल.' हे वाक्य कोणाचं?"

स्लाइडनं नजर वळवली. वाक्य त्याचं होतं, पण तिनं वाचून 'छान' म्हटलं होतं.

"घरी केलीत का जनजागृती?" बाईंनी विचारलं.

तिनं भिंतीशी उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं.

कोपऱ्यातल्या मोकळ्या भागावर पाणी ओतून पाहा, असं तिनं सुचवलं. ओतलं. पाणी सुरुवातीला थांबलं, मग रेंगाळत रेंगाळत खाली गेलं, एखाद्या नाइलाजानं उठलेल्या माणसासारखं. बाईंनी घड्याळ पाहिलं, मान हलवली. "मोठ्या पावसात याचा काही उपयोग नाही. दुरुस्त करा आणि पुढच्या सत्रात पुन्हा दाखवा."

"बाई, माझी नेमणूक..."

"मला समजतं. पण मी जे पाहिलं तेच लिहिणार. उद्या तुम्ही शहरभर ही फरशी घालाल. तिथे प्रत्येक गल्लीत एक बाबा असेल, आणि त्यांच्याइतकं सुरेख काम करणाराही नसेल. त्यांना कोण सांगणार आहे, हे ठरल्याशिवाय ही फरशी पुरी झाली असं मी म्हणणार नाही."

सर म्हणाले, "फार शाश्वत मुद्दा मांडलात, बाई." आणि सगळे चहाला निघून गेले.

तिनं तिथूनच खात्याला फोन केला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, "अरेरे" म्हणाले, आणि यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावतो म्हणाले. बोलणं कपडे वाळत घालण्याइतक्या वेळात आटोपलं.

घरी जाताना ती पुढे, बाबा मागे. चौकात आल्यावर बाबा सवयीनं खाली बघू लागले आणि मध्येच त्यांनी मान वर केली.

संध्याकाळी आईनं चहा केला तो तिनं घेतला नाही. "नको आता," ती म्हणाली. आई म्हणाली, "चहावर कशाला राग? त्यानं कुठे सिमेंट लावलंय?" तरी तिनं घेतला नाही. बाबा ओट्यावर बसले होते, पाठ भिंतीला, पाय लांब केलेले. बऱ्याच वेळानं त्यांनी आत हाक मारली.

"इंजिनेर, जरा बाहेर ये."

ती दारात येऊन उभी राहिली.

"नोकरी गेली ना?"

"गेली."

"माझ्यामुळे."

ती चौकटीला टेकली. खोटं बोलायची इच्छा नव्हती आणि खरं बोलायचं बळ नव्हतं.

"मला सांग," बाबा म्हणाले. "सांधा उघडा का ठेवायचा? मला कळेल असं सांग. त्या पोराच्या स्लाइडसारखं नको."

'आता काय उपयोग' हे तिच्या ओठांवर आलं होतं. तरी ती आत गेली. स्वयंपाकघरातली मोठी चाळण आणली, बादली आणली, अंगणात उरलेली धुतलेली खडी चाळणीत भरली. ओट्यावरच चाळण बादलीवर ठेवून वरून तांब्याभर पाणी ओतलं. पाणी खडीतून खळखळत खाली गेलं. मग तिनं बाबांच्या थैलीतलं उरलेलं सिमेंट मूठभर घेऊन पाण्यात कालवलं आणि खडीवर थापलं. आई आतून ओरडली, "माझी चाळण!" पण तोवर उशीर झाला होता. तिनं पुन्हा पाणी ओतलं. या वेळी पाणी वरच थांबलं, काठोकाठ भरलं, काठावरून सांडलं आणि ओट्यावरून वाहायला लागलं. ओटा बाबांनीच केलेला, त्यामुळे एक थेंबही कुठे जिरला नाही. सगळं पाणी उताराउतारानं उंबऱ्याकडे गेलं आणि दारातून आत शिरलं.

बाबा त्या ओघळाकडे बघत राहिले.

"दरवर्षी येतं ते हेच?"

"हेच."

"चौकातलं?"

"चौकातलं, बाजारातलं. शाळेचं पटांगण आधी मातीचं होतं, तेव्हा तिथलं येत नव्हतं. आता तेही येतं."

"शाळा मी केली," बाबा म्हणाले. "बाजारही मीच."

"लोकांनी सांगितलं म्हणून केलंत. कोणीही तेच केलं असतं. तेव्हा कोणालाच..."

"माझी समजूत घालू नकोस. तुला कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या वर्षापासून."

"आणि बोलली नाहीस."

"कसं बोलणार, बाबा?"

"सकाळी बोललीस तसं." बाबांनी पाय आखडून घेतले. "सगळ्या कॉलेजनं ऐकलं. पण सांधा का उघडा ठेवायचा ते तेव्हाही नाही सांगितलंस. नुसती ओरडलीस."

तिला वाटलं, ते आता उठून आत जातील. ते उठले, पण आत गेले नाहीत. फडकं आणून त्यांनी उंबऱ्यातलं पाणी टिपलं आणि चाळणीतलं सिमेंट ओलं होतं तोवर बोटानं काढायला लागले. जाळीच्या एकेका भोकातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पुन्हा सायकल स्टँडसमोर हजर. स्लाइडला तिनं फोन करून सांगितलं होतं, "फावडं घेऊन आलास तरच ये." तो आला. फावडं उलटं धरलं होतं, पण आला.

सगळे ठोकळे उपटले, गोळे झालेली खडी काढली, चांगली तेवढी पुन्हा धुतली. बाबा ठोकळे बसवायला लागले तशी नवी कटकट सुरू झाली. त्यांचा हात ऐकेना. ठोकळा टेकवला की अंगठा आपोआप पुढे यायचा आणि फट दाबून मिटवायचा.

"बाबा, बोटभर अंतर."

"सोडलं की."

"कुठे सोडलं? परत चिकटवलात!"

"हात जातो गं. मी काय करू?"

"हात मागे घ्या. दोन्ही मागे घ्या. मी सांगेन तेव्हाच पुढे आणा."

"लहानपणी चालायला मी शिकवलं हिला," बाबा स्लाइडला म्हणाले, "आणि आता बघ."

उन्हं वर आली तेव्हा निम्मी फरशी झाली होती. मन लावून बसवलेली, आणि सगळे सांधे उघडे. बाबा चार पावलं मागे गेले, डोकं तिरकं करून पाहिलं, आणि तोंड वाकडं केलं. "लाज वाटते बघून. अर्धवट कपड्यांत बाहेर आल्यासारखं दिसतं."

"मग बघू नका."

"बघणार. सवय करायला हवी." मग त्यांनी फाटकाशी उभ्या असलेल्या वॉचमनला हाक मारली. "अरे ए! इकडे ये. नीट ऐक. हे सांधे कोणाला भरू द्यायचे नाहीत. झाडणाऱ्यांना नाही, रंगवाल्यांना नाही, प्राचार्य आले तरी नाही. आणि मला तर मुळीच नाही. मी थापी घेऊन आलो तर दिवा धरायचा नाही, सरळ हाकलून द्यायचं."

"का हो मिस्त्री?" वॉचमननं विचारलं. "असं उघडं ठेवायचं म्हणजे काय?"

बाबांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि तिच्याकडे वळले. "सांग त्याला. सावकाश सांग. घाई करू नकोस."

तिचे हात खडीनं सोलवटले होते. नोकरी गेली होती, सत्र पुढे सरकलं होतं, आणि आता हा वॉचमन. त्याच्यानंतर झाडणारे, मग रंगवाले, मग प्राचार्यांचे अधीक्षक, एकेकाला बसवून सांगायचं. त्या विचारानंच ती दमून गेली. तरी ती घमेल्याशी बसली, मूठभर खडी उचलली आणि त्याच्यापुढे धरली.

"हे बघा काका, ही खडी आधी आम्ही धुतो..."

"खडी धुता?" वॉचमन खो खो हसला. "तांदूळ आहेत का ते?"

तिनं डोळे मिटले. एक लांब श्वास घेतला.

"बसा," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगते."